पाण्यात ठेवलेले देव

घरातलं माणूस अत्यवस्थ झालं की देव पाण्यात ठेवायची चाल आपल्याकडे अजून मोडलेली नाही. देव्हाऱ्यातले टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा उचलायचे, पाण्यानं भरलेल्या पातेल्यात नाहीतर घंगाळात ठेवायचे, आणि माणूस सुखरूप घरी येईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. वर्तमानपत्रांनी या चालीचा पार चोथा केला आहे. निकालाआधी इच्छुकांनी आणि अंतिम सामन्याआधी क्रिकेटवेड्यांनी देव पाण्यात ठेवल्याचं आपण दर मोसमात वाचतो. पण ज्या घरात ओट्यावर ते पातेलं खरोखर भरून ठेवलेलं असतं, तिथे तो रोखठोक सौदा असतो: तू त्याला परत आण, मग मी तुला बाहेर काढते.

आणि माणूस परत आलंच नाही, तर? सुतकात घरच्यांनी देवांना हात लावायचा नाही. म्हणजे देव तसेच पाण्यात, किंवा शेजारपाजारचं कुणीतरी येऊन त्यांना बाहेर काढणार, पुसणार, पुन्हा देव्हाऱ्यात ठेवणार. तेरावा होतो, गोडाचं जेवण होतं, पाहुणे आपापल्या गावी जातात. सकाळी पुन्हा निरांजन लागतं, गंध उगाळलं जातं. बहुतेक घरांत असंच होतं. एखाद्या घरात मात्र एक जण देव्हाऱ्यासमोर पुन्हा उभं राहत नाही. भांडत नाही, तसबिरी उतरवत नाही, कुणाला काही सांगतही नाही. हात जोडायचं तेवढं थांबतं. हे पुस्तक त्या एकाबद्दल आहे.

अशा माणसाला नास्तिक म्हणायची आपल्याला घाई असते. मराठीत नास्तिकतेची परंपरा जुनी आहे, सकस आहे, पण तिची वाट निराळी. आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून, एकेक प्रश्न तर्काला लावून तिथे पोचले. पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली तरी ढळले नाहीत. विचारातून आलेल्या नास्तिकाला काहीतरी मिळालेलं असतं. एका मोठ्या गैरसमजातून सुटल्याचा हुरूप त्याच्या लिहिण्यात जाणवतो. दुःखानं श्रद्धा गेलेल्या माणसाच्या बोलण्यात हा हुरूप औषधालाही सापडत नाही. आधी मूल गेलं, मग ज्याच्यापाशी त्या मुलासाठी रडता आलं असतं तोही गेला. पुरोगामी मंडळी अशा माणसाला आपल्या खात्यात जमा करायला धावतात, आणि श्रद्धाळू मंडळी 'देव परीक्षा बघतोय' म्हणून त्याला परत ओढायला बघतात. दोघांचंही मला पटत नाही. का ते सांगायला एका घराची गोष्ट नीट सांगावी लागेल.

ते घर अनंतशास्त्री डोंगरे यांचं. त्यांची धाकटी मुलगी पुढे पंडिता रमाबाई म्हणून नावाजली. १८५८ साली पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात तिचा जन्म झाला. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीबुवांवर रोष ओढवला होता, पण माणूस हाडाचा धार्मिक. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं आणि वर्षानुवर्षं फिरतच राहिलं. देवळात, घाटावर बसून पुराण सांगायचं, लोक फुलं-फळं, वस्त्रं, पैसे वाहतील त्यावर गुजराण करायची आणि उरलेलं दानधर्मात घालायचं. अशात १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला.

त्या दिवसांबद्दल रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. मराठी माणसाच्या हातून या विषयावर इतकं सरळ, अश्रू न गाळता लिहिलेलं दुसरं काही मला माहीत नाही. जवळ होते नव्हते ते पैसे देव प्रसन्न व्हावा म्हणून ब्राह्मणांना वाटले. या क्षेत्रातून त्या क्षेत्रात गेले, कुंडांत स्नानं केली, मूर्तींपुढे लोटांगणं घातली. एकवीस वर्षांचा धडधाकट भाऊ श्रीनिवास महिनोन्महिने उपास करून खंगला. हे लोक अडाणी नव्हते. आपण दगडाची नव्हे, दगडामागच्या देवाची पूजा करतो एवढा वेदान्त त्यांना येत होता. त्या विद्येचाही काही उपयोग झाला नाही, असं रमाबाई लिहितात. शेवटचा तांदळाचा दाणा संपला तेव्हा आपल्या माणसांत भीक मागण्यापेक्षा रानात जाऊन मरावं असं ठरलं, आणि रातोरात ते तिरुपतीहून बाहेर पडले. अकरा दिवस, अकरा रात्री पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर. शेवटी म्हाताऱ्या, आंधळ्या वडिलांनी जवळच्या पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायचं ठरवलं. एकेकाचा निरोप घेतला. रमा सगळ्यांत धाकटी, तिची पाळी शेवटी. तिचं तोंड त्यांना दिसत नव्हतं, म्हणून तिला घट्ट धरून डोक्यावरून, गालांवरून हात फिरवत ते बोलले: नीतीनं वाग, देवाची सेवा सोडू नकोस.

तेवढ्यात श्रीनिवास म्हणाला, की जातीचा अभिमान आता कुठे उरलाय, मी मजुरी करतो. जलसमाधी टळली. पण वडील त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेलेच. काही महिन्यांत आई गेली. आईचं प्रेत उचलायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथी रमाबाई. स्मशान तीन मैलांवर. उंची कमी म्हणून तिरडीचा दांडा तिच्या खांद्याला येईना. तो तिनं डोक्यावर घेतला. मग थोरली बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं पायी उत्तरेला निघाली. पंजाबात झेलमच्या काठी अंगावर पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून, मान तेवढी बाहेर ठेवून, वाळू पांघरून निजली.

या सगळ्यात श्रद्धा गेली ती नेमकी कधी? कथा-कादंबरीत ती चितेपाशी जाते, विजेसारखी कडाडून. रमाबाईंचा हिशेब वेगळा आहे. शास्त्रात सांगितलेल्या सगळ्या अटी पाळल्या, तरी देव प्रसन्न झाले नाहीत. हळूहळू देवांवरचा आणि पोथ्यांवरचा विश्वास निवत गेला. आणि त्याच दमात त्या सांगतात, की सोवळंओवळं, पूजा, संस्कृतचं अध्ययन हे सगळं चालूच होतं. ही बारीक नोंद मला फार मोलाची वाटते. आत चूल विझलेली आणि बाहेर मांडणी तशीच, अशी कितीतरी वर्षं माणसं काढतात. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं, तेव्हा त्यांना तरी कुठे ठाऊक होतं, की शास्त्र तोंडपाठ असलेल्या या मुलीचा शास्त्रावरचा भरवसा उडालेला आहे!

पुढचं सर्वांना माहीत आहे. श्रीनिवास १८८० साली गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केलं, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं तेही गेले. पदरात दहा महिन्यांची मनोरमा. पुण्याला येऊन आर्य महिला समाज काढला, इंग्लंडला गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रानं त्यांना जे बोल लावले त्यात एकानंही हा प्रश्न धड विचारला नाही: या बाईनं धर्म सोडला, की धर्म तिच्या हातून आधीच निसटला होता? ख्रिस्ती मंडळींच्या पहिल्या भेटीत ती माणसं खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकताना पाहून ही भावंडं चक्रावली होती. हे लोक खुर्च्यांची पूजा करतात असं त्यांना वाटलं. म्हणजे एक देव गेला आणि लगेच दुसरा भेटला, असं झालेलं नाही. मधली पाच-सात वर्षं रिकामी होती. केडगावचं मुक्ती सदन आणि शेवटच्या दिवसांपर्यंत चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर आपण आठवतो. ती मधली वर्षं मात्र आपण ओलांडून जातो. या पुस्तकाचा मुक्काम त्या वर्षांत आहे.

आता कुणी म्हणेल, दुष्काळानं श्रद्धा जाते हा काय नियम आहे? नाहीच. १६३० ते ३२ च्या भीषण दुष्काळात देहूच्या एका वाण्याचं दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. त्यानं पडकं देऊळ दुरुस्त केलं आणि तो तुकाराम झाला. रमाबाईंचं दुःख आणि तुकोबांचं दुःख यांत कमीजास्त करायला तराजू कुठे आहे? फरक मला दिसतो तो देवाशी असलेल्या नात्याच्या तऱ्हेत. शास्त्रीबुवांच्या घरातलं नातं विधीचं होतं: अमुक केलं की तमुक मिळेल. वारकऱ्याचा विठोबा नवसाला पावणारा म्हणून प्रसिद्ध नाही. त्याच्याशी भांडता येतं, त्याला टाकून बोलता येतं. नामदेव, जनाबाई, चोखोबा, सगळ्यांनी ते केलं आहे. ज्या देवाला शिवी देता येते तो देव संकटात टिकायची शक्यता जास्त, असं माझं मत आहे. नियम म्हणून मांडत नाही. वारकरी घरातल्या माणसांचीही माळ उतरते.

विसाव्या शतकात हा प्रश्न सर्वांत कठोरपणे विचारला गेला तो ज्यूंच्या छळछावण्यांमधून. एली वीझेल १९४४ च्या मे महिन्यात ऑशविट्झला पोचला तेव्हा पंधरा वर्षांचा होता, घरी तालमूदमध्ये बुडालेला. आई आणि धाकटी बहीण तिथे मारली गेली, वडील पुढे बुखेनवाल्डला मेले. छावणीत काही विद्वान धर्मगुरूंनी देवावर रीतसर खटला भरला होता, तो आपण पाहिला, असं वीझेल सांगत असत. देव दोषी ठरला. आणि निकाल लागल्यावर संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली म्हणून सगळे प्रार्थनेला उभे राहिले. वीझेल यांनी १९७९ मध्ये याचं नाटक केलं, पण खटला नेला सतराव्या शतकातल्या युक्रेनमध्ये. स्वतः ते कधी पुरते नास्तिक झाले नाहीत. आयुष्यभर देवाशी वाद घालत राहिले.

त्याच छावणीतले प्रीमो लेवी मात्र आधीपासूनच अश्रद्ध, तुरीनचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या १९४७ च्या पुस्तकातला एक प्रसंग डोक्यातून जात नाही. १९४४ चा ऑक्टोबर. कोण वायूकोठडीत जाणार याची निवड नुकतीच झाली आहे. वरच्या फळीवर एक म्हातारा डोक्याला टोपी घालून, अंग झुलवत, मोठ्यानं देवाचे आभार मानतो आहे, कारण तो वाचला. शेजारच्या फळीवर वीस वर्षांचा एक ग्रीक मुलगा दिव्याकडे बघत पडला आहे. त्याला माहीत आहे की आपण परवा जाणार. लेवींना त्या प्रार्थनेची किळस आली. देवाच्या जागी आपण असतो तर ती झिडकारली असती, असं ते लिहितात. कितीतरी वर्षांनी, १९८६ च्या पुस्तकात, त्यांनी त्याच महिन्यातली स्वतःची गोष्ट सांगितली: निवडीच्या रांगेत उघडं उभं असताना आपल्यालाही क्षणभर प्रार्थना करावीशी वाटली, पण डाव हरत असताना मध्येच नियम बदलायचे नाहीत म्हणून केली नाही. आणि तरीही, जाँ अमेरी नावाचा त्यांचाच एक सहबंदी, तोही अश्रद्ध, प्रामाणिकपणे नोंदवून गेला की छावणीत श्रद्धावंत माणसं, मग ती देव मानणारी असोत की मार्क्स, इतरांपेक्षा अधिक तग धरून राहिली. दोन्ही साक्षी एकाच ठिकाणच्या. वाचकानं दोन्ही जवळ ठेवाव्यात.

मानसशास्त्राबद्दल थोडंच सांगतो. रॉनी जानॉफ-बुलमन यांनी १९९२ मध्ये मांडलं, की आघातानं काही मूळ गृहीतकं कोसळतात: जग बरं आहे, जगात काही संगती आहे, आणि मी बऱ्यापैकी माणूस आहे. श्रद्धा बहुतेकदा या तिन्हींना एकत्र बांधून उभी असते, म्हणून एक गेलं की सगळंच हलतं. केनेथ पर्गमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पंचावन्नच्या पुढच्या ५९६ रुग्णांचा अभ्यास छापला. देवानं आपल्याला टाकलं, देव शिक्षा करतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. यावरून 'म्हणून श्रद्धा ठेवा' असा बोध काढणारे भेटतात. अभ्यासातली ही माणसं श्रद्धाळूच होती, हे ते विसरतात. सर्वांत जास्त हाल अधांतरी लोंबकळणाऱ्याचे होतात.

आणि अधांतरी लटकवायला आपण, आजूबाजूचे लोक, भरपूर मदत करतो. पुष्कळदा श्रद्धा संकटात टिकते आणि संकटाच्या स्पष्टीकरणात मरते, अशा निष्कर्षाला मी आलो आहे. 'मागच्या जन्मीचं देणं होतं.' 'चांगली माणसं देवाला आवडतात.' 'कुलाचार चुकला असेल, एकदा दाखवून घ्या.' तीन वर्षांचं लेकरू गेलेल्या आईला पहिलं वाक्य ऐकवणारा माणूस दुष्ट नसतो, त्याला काहीतरी बोलायचं असतं. पण त्या वाक्याचा अर्थ असा होतो, की लेकराला हे मिळालं ते योग्यच मिळालं. कर्मसिद्धान्ताची ही बाजू तत्त्वज्ञानाच्या वर्गात सुबक दिसते. तेराव्याच्या घरात ती ऐकवत नाही. ख्रिस्ती, मुसलमान घरांतली वाक्यं वेगळी असतील, जात तीच.

किल्लारीच्या भूकंपाचं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक निजले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं जमीनदोस्त झाली, मेलेल्यांचा आकडा दहा हजारांच्या आसपास सांगतात. त्याच रात्री विसर्जन, त्याच रात्री हे. कोप, पाप, अपशकुन असल्या गोष्टी अशा वेळी बोलल्या जायला वेळ लागत नाही. जगात त्या तीव्रतेचे भूकंप दरवर्षी होतात आणि बहुतेक ठिकाणी इतकी माणसं मरत नाहीत. इथे मारलं ते दगड-मातीच्या जाडजूड भिंतींनी आणि त्यांवरच्या मातीच्या थरांच्या जड माळवदांनी. हे कळल्यानं दुःख हलकं होत नाही. पण आपल्या पापानं पोरं मेली या विचारापेक्षा भिंतीनं मेली हा विचार माणसाला जगायला थोडी जागा देतो. देवावर विश्वास ठेवायलाही देतो, हे गमतीचं वाटेल, पण खरं आहे.

बायकांच्या वाट्याला याचा एक जादा कोपरा येतो. वीस-पंचवीस वर्षं वडाला सूत गुंडाळायचं, उपास करायचे, आणि नवरा गेला की त्याच धर्माच्या नावानं तिचं कुंकू पुसायचं, हळदीकुंकवाचं आमंत्रण बंद करायचं. सौद्यातली तिची बाजू तिनं चोख पाळलेली असते; शिक्षाही तिलाच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. हा ठराव समाजसुधारणेच्या रकान्यात नोंदला गेला, रास्तच आहे. पण माझ्या मते त्यानं काही बायकांची श्रद्धाही वाचवली असेल. आणि जिची गेली तिला ती गेली म्हणायची सोय नसते. नैवेद्याचं ताट तिनंच वाढायचं, गौरी तिनंच बसवायच्या. पुरुष 'मी आता मानत नाही' म्हणून बाहेर पेपर वाचत बसू शकतो. बाईनं तसं म्हटलं तर सणच होत नाही. म्हणून बायकांच्या अश्रद्धेची नोंद कमी आहे. अश्रद्धा कमी आहे म्हणून नव्हे.

पुढच्या पानांत ज्यांची मनोगतं आहेत त्यांची नावं, गावं काढून टाकली आहेत. पैकी काही पुन्हा देवळाची पायरी चढले, काही कधीच गेले नाहीत, काही वारीला जातात पण विठ्ठलासाठी नव्हे, सोबतीसाठी. क्रम लावताना परत आलेल्यांना शेवटी ठेवायचा मोह प्रकाशकांना झाला होता, वाचकाला बरं वाटेल म्हणून. तो मोडून काढला. कुणाच्या निवेदनाला उत्तरही जोडलेलं नाही, भाविकाचं नाही आणि विवेकवाद्याचंही नाही.

वाचकाला एकच विनंती. सगळी मनोगतं एका बैठकीत वाचू नका, झेपणार नाही. आणि आपल्याच घरात असं कुणी असेल, तर येत्या गणपतीत त्याला आरतीला उभं राहायचा आग्रह करू नका. प्रसाद मात्र जरूर द्या.